कुंपणाची रेषा : सरोजिनी नगरात घराभोवती भिंत घालताना

घराभोवती कुंपण घालण्यासाठी स्वतंत्र असा एकच कायदा नाही. भिंत कोणत्या रेषेवर उभी राहील हे महसुली कागद ठरवतात. ती किती उंच आणि कशी असावी हे नगररचनेचे नियम सांगतात. तिच्यामुळे शेजाऱ्याचा किंवा वाटसरूचा हक्क बुडतो का, हे दिवाणी कायदा पाहतो. या तिन्ही प्रश्नांची कचेरी वेगळी आहे आणि एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीत चालत नाही. नकाशा मंजूर झाला म्हणून जमीन आपली ठरत नाही, आणि जमीन आपली आहे म्हणून भिंत हवी तेवढी चढवता येत नाही. कुंपणावरून होणारी बरीच भांडणे या तीन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे उभी राहतात.

लखनौच्या दक्षिणेला कानपूर रस्त्यावरचे सरोजिनी नगर हे या गुंत्याचे चांगले उदाहरण आहे. स्वातंत्र्यानंतरच्या संयुक्त प्रांताच्या पहिल्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे नाव या भागाला आहे. आता ते लखनौ जिल्ह्यातल्या एका तहसिलीचेही नाव आहे. अमौसीचा विमानतळ, नादरगंजची औद्योगिक वसाहत, ट्रान्सपोर्ट नगर, कानपूर रोड योजनेतले आखीव सेक्टर आणि त्यांच्या पलीकडे शेतीची गावे, असा हा परिसर आहे. काही किलोमीटरांच्या आत प्राधिकरणाचा भूखंड, जुने गावठाण, प्लॉट पाडलेली शेतजमीन आणि महामार्गालगतची जागा असे चारही प्रकार इथे भेटतात. प्रत्येक प्रकारात कुंपणाचे उत्तर थोडे वेगळे येते.

जमिनीचा प्रकार

सर्वांत सोपी स्थिती नियोजित वसाहतीतली. लखनौ विकास प्राधिकरण हे उत्तर प्रदेश नगर नियोजन आणि विकास अधिनियम, १९७३ खाली काम करते, तर आवास विकास परिषद १९६५ च्या अधिनियमाखाली. त्यांच्या भूखंडाला मंजूर रेखांकन असते, लांबी-रुंदी लिहिलेली असते आणि ताबा देताना हद्द जागेवर दाखवली जाते. कुंपण त्या मापातच घालायचे असते. वाटपपत्रातल्या अटी सर्वसाधारण नियमांपेक्षा कडक असतील, तर त्याही पाळाव्या लागतात.

गावठाणाची, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘आबादी’ची गोष्ट निराळी आहे. शेतांचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या होते, पण आबादीतल्या घराघराची नोंद बहुतेक ठिकाणी नव्हतीच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेने ही उणीव भरायला घेतली. ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक मालमत्तेची हद्द जमिनीवर चुन्याने आखली जाते. वरून घेतलेल्या छायाचित्रात ती पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावरून नकाशा तयार होतो. उत्तर प्रदेशात मिळणाऱ्या कागदाला ‘घरौनी’ म्हणतात, महाराष्ट्रात त्याच कामातून मालमत्ता पत्रक आणि सनद मिळते. चुना टाकताना हद्दीवर कोणी हरकत घेतली नाही आणि नंतर भिंत मात्र रेघेच्या बाहेर बांधली, तर घरमालकाची बाजू लंगडी पडते.

तिसरा प्रकार सर्वांत अडचणीचा. शेताचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटला रजिस्ट्री असते, पण रजिस्ट्रीला जोडलेला असतो तो ‘नजरी नक्शा’, म्हणजे डोळ्यांनी पाहून काढलेले रेखाटन. चारी बाजूंना कोण आहे एवढेच त्यावरून कळते. शिवाय गाटा, म्हणजे आपल्याकडचा गट, अनेक सहखातेदारांच्या नावावर असेल आणि त्यांची वाटणी झालेली नसेल, तर विकत घेतलेला असतो तो हिस्सा, नेमका कोपरा नव्हे. अशा वेळी भिंत घातली की चुलत भाऊ दारात येतो. उत्तर प्रदेश महसूल संहिता, २००६ च्या कलम ११६ खाली वाटणीचा दावा होईपर्यंत ती भिंत कच्च्या पायावरच असते. महाराष्ट्रात हेच काम जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते.

कुंपण घातल्याने शेतजमीन निवासी होत नाही. त्यासाठी महसूल संहितेच्या कलम ८० खाली घोषणा लागते. ही संहिता २०१६ मध्ये अमलात येण्यापूर्वी हेच काम १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याच्या कलम १४३ खाली होत असे. त्यामुळे तिकडे अजूनही लोक ‘१४३ करवाना’ असेच म्हणतात, जसे आपल्याकडे ‘एनए करून घेणे’ म्हणतात.

रेषा कुठे आहे

खतौनी हा उत्तर प्रदेशातला सातबाऱ्याचा भाऊबंद. जमीन कोणाची आणि किती हे त्यावरून कळते. ती जागेवर कुठून कुठपर्यंत आहे हे मात्र गावाच्या नकाशावर पाहावे लागते. उत्तर भारतातले जुने गावनकाशे साधारणपणे एका मैलाला १६ इंच या प्रमाणात काढलेले आहेत, म्हणजे १ : ३९६०. या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ एक मीटर जागा व्यापते. पाचशे मीटर लांब शेताच्या बांधाला एवढा फरक कोणी विचारत नव्हते. तीस फूट रुंदीच्या प्लॉटला मात्र तीन फूट म्हणजे रुंदीचा दहावा हिस्सा. शेतीसाठी काढलेल्या नकाशावर घरांच्या भिंती बेतल्या जातात, तिथेच वादाचे मूळ असते.

मापांचीही तीच कथा. लखनौ भागात जमीन बिघा आणि बिस्व्यात बोलली जाते. पक्का बिघा म्हणजे ५५ यार्ड लांबीच्या जरीबेचा, म्हणजे मोजणीच्या साखळीचा, चौरस, अर्थात ३,०२५ चौरस यार्ड किंवा सुमारे २,५२९ चौरस मीटर. त्याचा विसावा भाग बिस्वा, सुमारे १,३६१ चौरस फूट. महाराष्ट्रातला गुंठा ३३ फुटी साखळीचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. बिस्वा आणि गुंठा यांत पावपट फरक असल्याने, पुण्याकडचा माणूस तिकडे प्लॉट घेताना ‘एक बिस्वा म्हणजे एक गुंठाच’ असे धरून चालला, तर कुंपणाचा सगळा हिशेब चुकतो. रजिस्ट्रीत चौरस मीटरचा आकडा असतो. भिंतीसाठी तोच खरा धरावा.

हद्दीवर वाद असेल तर महसूल संहितेच्या कलम २४ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यावरून राजस्व निरीक्षक आणि लेखपाल जागेवर पैमाइश, म्हणजे मोजणी, करतात. मोजणीची सुरुवात शेजाऱ्याच्या सध्याच्या भिंतीपासून करायची नसते, कारण तीच चुकलेली असू शकते. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडणाऱ्या पक्क्या खुणांवरून मोजत यावे लागते. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, ज्याला ‘सिहद्दा’ म्हणतात, ही त्यांतली सर्वांत भरवशाची खूण. नकाशावरून निर्णय होणे शक्यच नसेल, तर प्रत्यक्ष ताबा पाहून वाद मिटवण्याची सोय कायद्यात आहे. आदेश मान्य नसेल तर विभागीय आयुक्तांकडे अपील होते.

मोजणीला येणारा हा लेखपाल शेजारच्या विमानतळाच्या नावाशी जोडलेला आहे. विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते चौधरी चरणसिंग उत्तर प्रदेशाचे महसूलमंत्री असताना, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पटवाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे दिले. चरणसिंगांनी ते स्वीकारले आणि पटवाऱ्याच्या जागी लेखपाल हे नवे पद आणले. याच काळात, १९५३ मध्ये, विखुरलेल्या तुकड्यांची एकजोड करणारा चकबंदीचा कायदा आला. चकबंदीत प्रत्येक शेताला वाट आणि पाणी मिळावे म्हणून चकमार्ग आणि पाटाच्या नाल्या राखून ठेवल्या गेल्या. शेत विकून प्लॉट पडले तरी त्या जागा सार्वजनिकच राहतात.

महाराष्ट्रात हे काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने होते आणि हाती येते ती मोजणीची ‘क’ प्रत. साखळीची जागा आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हरने घेतली आहे. उपकरण नवे असले तरी जुन्या नकाशाची रेघ जेवढी जाड, तेवढा संशय मागे राहतोच. म्हणूनच मोजणीच्या वेळी शेजाऱ्याला हजर ठेवून दोघांच्या सह्यांनिशी खुणा रोवून घेणे महत्त्वाचे ठरते. रातोरात बांध कोरणाऱ्याविरुद्ध हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

उंची, कोपरा आणि फाटक

रेषा पक्की झाल्यावर प्रश्न येतो उंचीचा. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ही राज्यांच्या बांधकाम उपविधींसाठी आदर्श नमुना मानली जाते. तिच्यानुसार कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंत असावी. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, आरपार दिसणारा ठेवला, तर एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही हीच मापे आहेत. लखनौमध्ये शेवटचा शब्द प्राधिकरणाच्या लागू उपविधींचा आणि त्या वसाहतीच्या मंजूर रेखांकनाचा.

उंची आतल्या जमिनीपासून न मोजता रस्त्याच्या मध्यापासून मोजण्याला कारण आहे. गंगेच्या सपाट मैदानात पावसाचे पाणी साचू नये म्हणून लोक प्लॉटमध्ये भराव टाकतात. आतून मोजायचे ठरले असते तर तीन फूट भरावावर पाच फूट भिंत चढवून कोणीही रस्त्याला आठ फुटांची तटबंदी दाखवली असती.

कोपऱ्याच्या भूखंडाला वेगळा नियम आहे. चौकापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर उंच ठेवायची. वर आणखी ०.७५ मीटर हवी असेल तर ती उघड्या जाळीची. रस्त्यांची आखणी करताना भारतात मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.२ मीटर धरतात. दीड मीटरची भरीव भिंत त्याच्या नजरेच्या वर जाते आणि आडव्या रस्त्याने येणारी सायकल त्याला दिसत नाही. पाऊण मीटरच्या भिंतीवरून ती दिसते.

फाटकाबाबतचे तत्त्व असे की त्याची दारे आतल्या बाजूला उघडावीत. रस्त्यालगतची दारे रस्त्यावर उघडू नयेत ही तरतूद १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातही आहे. सरकते फाटक असेल तर त्याचा रूळ आणि मोटार चढवायचा उतार, दोन्ही आपल्याच हद्दीत बसले पाहिजेत. नालीवर टाकलेल्या काँक्रीटच्या उतारावर अतिक्रमण हटाव पथकाची पहिली धाड नेहमी पडते, कारण त्याने पावसाचे पाणी अडून सगळी गल्ली तुंबते.

पाया आणि पाणी

हद्दीच्या रेषेला भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग टेकवला की काम बरोबर झाले, असा समज असतो. पण भिंतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. नऊ इंची विटांच्या भिंतीखाली दोन फूट रुंद पाया घेतला, तर तो दोन्ही बाजूंना साडेसात इंच बाहेर येतो. भिंत अगदी रेषेवर असेल तर जमिनीखाली शेजाऱ्याची साडेसात इंच जागा गेली. शेजाऱ्याने उद्या तळघर किंवा नळ टाकण्यासाठी खणले की हे उघड होते. यासाठी भिंत थोडी आत घ्यावी किंवा पाया आतल्या बाजूलाच वाढवावा. सामाईक भिंत करायची असेल तर ती रेषेच्या मधोमध असेल, खर्च कसा वाटायचा आणि डागडुजी कोणी करायची, हे लेखी करून ठेवावे.

कुंपणाची भिंत स्वतःचे वजन आणि वारा पेलण्यापुरती असते. तिच्या एका बाजूला भराव टाकला की ती माती अडवणारी भिंत होते आणि त्या कामासाठी ती बांधलेलीच नसते. पावसात माती भिजून जड होते, पाण्याचा दाब वाढतो आणि भिंत सबंधच्या सबंध आडवी होते. १६ सप्टेंबर २०२२ रोजी मुसळधार पावसात लखनौच्या दिलकुशा भागात हद्दीची भिंत कोसळून तिच्या आडोशाला राहणारे ९ जण मृत्युमुखी पडले. पुण्याच्या कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडून किमान १५ जणांचा बळी गेला. म्हणून भराव असेल तिथे अभियंत्याकडून भिंतीचा आराखडा करून घ्यावा आणि पाणी निघण्यासाठी तिच्यात ठरावीक अंतरावर छिद्रे ठेवावीत.

शेजाऱ्याचे हक्क

जमीन पूर्ण आपली असली तरी तिच्यावर दुसऱ्याचा वहिवाटीचा हक्क असू शकतो. हे हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात मांडले आहेत. हा कायदा आधी मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग इथे लागू झाला. मुंबई प्रांत आणि वायव्य प्रांत व अवध इथे तो १८९१ च्या एकाच कायद्याने नेला गेला. त्यामुळे पुणे आणि लखनौ या बाबतीत एकाच सूत्राने चालतात. उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापरलेली वाट, प्रकाश किंवा पाण्याचा निचरा यांवर हक्क निर्माण होतो. कुंपण घालून तो बंद करता येत नाही. चढावरच्या जमिनीचे नैसर्गिकरीत्या वाहून येणारे पाणीही उतारावरच्या मालकाला भिंत घालून परत लोटता येत नाही, त्याला वाट ठेवावी लागते.

कुंपणाने शेताकडे जाणारी वाट बंद झाली तर उत्तर प्रदेशात महसूल संहितेच्या कलम २५ खाली तहसीलदार चौकशी करून अडथळा काढायला लावू शकतात. महाराष्ट्रात बांधावरून जाण्याच्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि चालू वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते.

शेजाऱ्याने भिंत सरकवून आपली जागा आत घेतली असेल, तर गप्प बसणे महागात पडते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे खासगी जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत १२ वर्षे आहे. उघड आणि विरोधी ताबा तेवढा काळ टिकला की मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. बळजबरीने नुकतेच बाहेर काढले असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करता येतो. तिथे मालकी सिद्ध करावी लागत नाही, आधीचा ताबा दाखवला की पुरते.

रस्ता, सार्वजनिक जमीन, झाडे आणि तार

चकमार्ग, तलाव, चराई, खळे अशा जमिनी ग्रामसभेच्या असतात. त्यांवर कुंपण घातले तर महसूल संहितेच्या कलम ६७ खाली बेदखली आणि नुकसानभरपाई होते. २०१९ मध्ये लखनौ महापालिकेत आसपासची ८८ गावे घेतली गेली. अशा गावांत सार्वजनिक जमिनीचा कारभार ग्रामसभेकडून महापालिकेकडे जातो, जमिनीचे स्वरूप मात्र बदलत नाही. महामार्गालगत आणखी एक रेषा पाळावी लागते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरची बांधकामरेषा आणि ७५ मीटरची नियंत्रणरेषा धरली जाते. या पट्ट्यात पक्की भिंत घालण्यापूर्वी रस्ते खात्याला विचारणे भाग आहे.

विमानतळाजवळ असल्याने दीड मीटरच्या भिंतीला काही अडचण येत नाही. कुंपणालगत लावलेली निलगिरीसारखी उंच झाडे मात्र अडचणीत येऊ शकतात, कारण उड्डाणाला अडथळा ठरणाऱ्या इमारती आणि झाडे हटवण्यासाठी १९९४ चे केंद्रीय नियम आहेत. उलट, आखलेल्या रेषेत जुने झाड आले म्हणून ते परस्पर तोडता येत नाही. उत्तर प्रदेशात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो, महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ चा. मेंदी किंवा करवंदाची जिवंत वई घातली तर परवानग्यांचा व्याप बराच कमी होतो, मात्र फांद्या शेजाऱ्याकडे झुकू न देण्याची जबाबदारी मालकाची.

मोकाट गुरे जखमी होतात म्हणून उत्तर प्रदेश सरकारने शेताभोवतीच्या काटेरी आणि ब्लेडच्या तारांना मनाई केली आहे. घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा तर सरळ गुन्हा आहे. त्यात माणूस दगावला तर मालकावर फौजदारी खटला होतो.

परवानगी आणि कारवाई

१९७३ च्या अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे विकास क्षेत्रात प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. नवे घर बांधताना कुंपणभिंत आणि फाटक मूळ नकाशातच दाखवणे सोयीचे, म्हणजे वेगळा अर्ज पडत नाही. गिलावा, रंग, पडझडीची डागडुजी अशा कामांना सहसा परवानगी लागत नाही. राज्याने २०२५ मध्ये नवे आदर्श उपविधी आणले आणि १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांना नकाशा मंजुरीतून मोकळे केले. तिथे नोंदणी पुरते. पण मंजुरीतून सूट म्हणजे नियमातून सूट नव्हे. भिंतीची उंची, रस्त्याची रुंदी आणि हद्द त्यांनाही लागू राहतात.

विनापरवाना भिंतीवर कलम २७ खाली पाडण्याचा आदेश निघू शकतो, त्याआधी मालकाचे म्हणणे ऐकावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस हवी. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. आपल्याच जमिनीवर झालेली नियमाबाहेरची चूक दंड भरून नियमित करण्याची, म्हणजे ‘शमन’ करून घेण्याची सोय कलम ३२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जमिनीवरची भिंत मात्र दंड भरून आपली होत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी खतौनी, रजिस्ट्री आणि नकाशा यांतले आकडे एकमेकांशी पडताळावेत. मग शेजाऱ्यांसमोर मोजणी करून खुणा रोवाव्यात. जागेवरची वाट, नाली आणि झाडे पाहावीत. त्यानंतर प्राधिकरणाकडे उंची आणि फाटकाचा नकाशा द्यावा आणि सर्वांत शेवटी गवंड्याला बोलवावे. क्रम उलटा झाला की विटांचा खर्च आधी होतो आणि मोजणीचा खर्च टळत नाहीच.